जिताडा येईपर्यंत

सहा दिवस अंकलच्या तोंडी लागायची पेणमध्ये कोणाची टाप नव्हती. गिऱ्हाईक असो, नगरपालिकेचा माणूस असो, नाहीतर आमच्यासारखी शिकलीसवरलेली पोरं असोत, सगळ्यांना सारखाच प्रसाद. "डोक्यात पेंड भरलीय काय रे मेल्या?" हे त्यांचं नमस्काराऐवजीचं वाक्य. तेलाचा घाणा चालवणाऱ्या माणसाला पेंडीखेरीज दुसरी उपमा सुचणार तरी कुठून!

शनिवारी मात्र हाच माणूस लोण्यासारखा मऊ. शनिवारी कोणी त्यांच्या अंगणात सायकल घातली, कुंडी फोडली, तरी ते फक्त उजवा हात वर करायचे आणि एकच शब्द बोलायचे. "रविवारी!" म्हणजे शिवी माफ नव्हती, फक्त पुढे ढकललेली असायची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, रागवायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि रविवारी सकाळी सहा वाजता, चहाच्याही आधी, ती शिवी घरपोच मिळायची. मी स्वतः अशा किती घेतल्या असतील! एकही शिळी नव्हती.

आम्ही बेने इस्रायली. कोकणातले जुने ज्यू. पूर्वी आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. बाकीच्यांनी तो धंदा केव्हाच सोडला. कोणी रेल्वेत गेले, कोणी मुंबईला, कोणी थेट इस्रायलला. अंकलनी सोडला नाही. बैलाच्या जागी मोटर आली, पण शुक्रवारी दुपारी तीनला मोटर बंद म्हणजे बंद. आता गंमत बघा, तेलाला खरी मागणी शनिवारी. मारुतीला तेल वाहायचं तर शनिवारीच ना! आणि गावातला तेली नेमका त्याच दिवशी दार लावून बसलेला. अंकल बायकांना सांगायचे, "शुक्रवारी नेऊन ठेव गो. मारुतीचं काय नाय, तो थांबतो. माझा देव थांबत नाय." बायका हसत हसत शुक्रवारी बाटल्या भरून न्यायच्या. सगळ्या गावाला त्यांनी अशी सवय लावून टाकली होती.

शेजारी सदाभाऊंचा गणपतीचा कारखाना. दोघांची दोस्ती मोठी विचित्र. शब्बाथला अंकल दिव्याचं बटण दाबणार नाहीत आणि दुसऱ्याला दाबायलाही सांगणार नाहीत. मग शनिवारी सकाळी ओट्यावर उभं राहून आभाळाकडे बघत मोठ्यांदा म्हणायचे, "काय उजेड पडलाय हो आज घरात! दिवसासुद्धा!" की सदाभाऊ हातातली गणपतीची सोंड खाली ठेवून आत जायचे, रात्रभर जळत राहिलेला दिवा बंद करायचे आणि काही न बोलता परत यायचे. तीस वर्षं दोघांनी या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं.

त्याच सदाभाऊंकडून उरलेला पांढरा रंग आणून अंकलनी वडखळच्या रस्त्यावर, गावाबाहेरच्या एका मोरीवर, कठड्यालगत, जाडजूड रेघ मारली होती. शब्बाथला गावाच्या शेवटच्या घरापासून दोन हजार हातांच्या पुढे जायचं नाही, असं शास्त्र. अंकलनी ते स्वतःच्या हाताने, खरोखर रस्त्यावर ओणवं होऊन मोजलं होतं. ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि हे "एक हजार बारा, एक हजार तेरा" करत चाललेले. शनिवारी संध्याकाळी फिरायला निघाले की रेघेपर्यंत जायचे, चपलेचं टोक रेघेला लावायचे आणि मागे वळायचे. पोरं टिंगल करायची. आम्हीही करायचो.

मी तेव्हा रोह्याला केमिकल कंपनीत नवीन लागलो होतो. कँटीनमध्ये कोणी विचारलं, "तुम्ही नक्की कोण?" तर मी म्हणायचो, "ख्रिश्चनसारखेच आम्ही." कोण बसणार समजावत! हे कुठून तरी अंकलच्या कानावर गेलं. रविवारी सकाळी सहाला ते आमच्या दारात. "ख्रिश्चन चांगली माणसं, त्यांना कशाला बदनाम करतोस? सारखेच म्हणजे काय रे? तुला बापासारखाच एक बाप हाय काय?" माझी आई पदराआड हसत होती. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी घाण्यावर जाणं सुरू झालं. माझ्यासारखी आणखी काही होती. पेणची रिबका बँकेत होती, अलिबाग-रेवदंड्याकडचे चार-पाच जण कोणी बोटीवर, कोणी दुकानात. सूर्य बुडायच्या आत मोबाईल बंद करून अंकलच्या तांदळाच्या डब्यात. मग तेलाचा दिवा, काळ्या मनुकांचं सरबत, नारळाच्या दुधातलं मटण आणि वालाचं बिरडं. रात्री मुलं घाण्याच्या गोणींवर आडवी, मुली रिबकाच्या घरी.

एकदा रेवदंड्याच्या एकाने विचारलं, "अंकल, मोबाईल बंद ठेवून देवाला काय मिळतं?"

"देवाला काय मिळायचंय? त्याच्याकडे मोबाईल नाय." अंकल बिरड्यात भाकरी बुडवत म्हणाले. "सहा दिवस तुला कोणीतरी बोलावतंय. कंपनी बोलावते, बँक बोलावते, मी शिव्या देऊन बोलावतो. तू धावतोस. एक दिवस कोणी बोलावलं तरी जायचं नाय. मग कळतं, तू कोणाचा ते. नोकराला सुट्टी देतात रे. शब्बाथ मालकाचा असतो."

हे ऐकून मी जेवता जेवता थांबलो होतो. मला आजपर्यंत कोणी मालक म्हटलं नव्हतं.

पण अंकलची एक खंत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो. त्या मशिदीत एक सेफेर तोराह आहे, चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी. ती शब्बाथला बाहेर काढून वाचायची तर दहा पुरुष हजर लागतात. सणाला मुंबईहून भरपूर माणसं यायची तेव्हा न मोजताच वाचन व्हायचं. साध्या शनिवारी मात्र वर्षानुवर्षं ती कपाटातच.

माणसं आकड्याने मोजायची नाहीत, असा आमच्यात जुना दंडक. दृष्ट लागते म्हणतात. मग अंकल माशांनी मोजायचे. तेही खवल्यांच्या माशांनी, कारण बिनखवल्यांचे आम्हाला वर्ज्य. एकेकाच्या खांद्यावर बोट टेकवत, "बांगडा, बोय, रावस, हलवा, सुरमई, पापलेट, तारली, मांदेली, पाला..." आणि दहावा जिताडा. आमच्या धरमतरच्या खाडीचा राजा. पण मोजणी कधी सुरमईपाशी अडायची, कधी तारलीपाशी. एकदा पाल्यापर्यंत गेली तेव्हा अंकलचं बोट हवेत तसंच राहिलं होतं. कपाटाचा पडदा न सरकवता ते म्हणाले, "बसा. जिताडा अजून खाडीतच हाय."

रिबका यावरून त्यांच्याशी दर आठवड्याला भांडायची. "वाल सोलायला मी मोजली जाते, अंकल. मशिदीत का नाही?"

"ते माझ्या बापजाद्यांना विचार गो. मी साधा तेली माणूस." एवढंच बोलून अंकल पळ काढायचे. सबंध पेणमध्ये ते घाबरायचे ते एका रिबकालाच.

मग त्या वर्षी मुंबईहून समाजातले एक वृद्ध वकील आले. माणूस सभ्य, बोलणं गोड. म्हणाले, "तुमचा सेफेर झोपलाय हो. आमच्याकडे दर शनिवारी वाचला जाईल. वाचण्यासाठीच लिहिलाय ना तो?" म्हणणं खरंच होतं. पण अंकल अडून बसले. शेवटी ठरलं, की वकीलसाहेब आदल्या दिवशी मुक्कामाला येऊन दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी मशिदीत बसतील. त्या दिवशी पाहुणे सोडून आपल्या जिल्ह्यातले दहा जण बसले तर सेफेर पेणमध्ये राहील. नाहीतर रविवारी वकीलसाहेबांच्या गाडीतून मुंबईला जाईल.

त्या पंधरा दिवसांत अंकलनी शिव्या देणं बंद केलं. आम्ही घाबरलो. सदाभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, त्यांचं जेवण तुटलंय. रात्री मशिदीत जाऊन कपाटासमोर बसतात. तुम्ही दहा जमा काय ते." घराघरात फोन केले, विनवण्या केल्या, आणि मोजून दहा नक्की झाले. दहावा मी.

शनिवारची माझी पहिली पाळी होती. कासूचा जनार्दन म्हात्रे माझ्याबरोबर काम करायचा, त्याने ती घेतली, बदल्यात त्याची पुढच्या गणपतीतली पाळी मी करायची. शुक्रवारी आम्ही दोघं रोह्याहून संध्याकाळच्या पॅसेंजरने निघालो. तो कासूला उतरणार, मी पुढे पेणला. दिवस बुडायच्या आत तासभर हाताशी. आणि गाडी कासूला येऊन जी थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडी बंद पडलेली. अर्धा तास, तास. खिडकीतून सूर्य डोंगराला टेकताना दिसत होता. अंकलना फोन लावला, पण त्यांचा मोबाईल दुपारपासूनच तांदळात गेलेला. बाकीच्यांचेही बंद. स्टेशनबाहेर जाऊन बघितलं, रिक्षा नाही, टमटम नाही. परत डब्यात येऊन बसलो.

सूर्याची कड बुडायला आली तेव्हा मी पिशवी उचलून खाली उतरलो. फलाटावर उभा जनार्दन ओरडला, "अरे बस ना आत! सुटेल आता!"

"शब्बाथ लागतोय. गाडीत बसता येणार नाही."

"वेडा हायेस काय?"

मी उतरल्यावर पाच मिनिटांत गाडी सुटली, आणि पंधरा मिनिटांत पेणला पोचलीही असेल! मी रिकाम्या रुळांकडे बघत उभा. रडूच यायचं बाकी होतं. माझ्यामुळे सेफेर जाणार, एवढंच डोक्यात.

जनार्दनच्या आईने अंधारात हायवेने चालत जाऊ दिलं नाही. "ट्रकखाली मरशील मेल्या, मग तुझा देव काय करील?" तिने दोन भाकऱ्या ताटात ठेवल्या तशी मी डोक्यावर रुमाल घेतला आणि आठवत होते तेवढे मंत्र म्हटले. ती चुलीपाशी हात जोडून बसली. नंतर म्हणाली, "शनवारची पूजा बरी हाय तुमची. जेवूनच होते."

पहाटे तांबडं फुटायच्या आत निघालो. शब्बाथला ओझं वाहायचं नाही म्हणून पिशवी तिथेच ठेवली. मोबाईल ठेवला, पाकीट ठेवलं. नुसता अंगावरच्या कपड्यांनिशी चालत सुटलो. गडब गेलं, वडखळ आलं. दोन रिक्षावाले थांबले, एक टेम्पोवाला तर फुकट न्यायला तयार. मी सगळ्यांना हात जोडले. पाय सोलवटले होते, पण खरं सांगतो, माझी छाती हळूहळू फुगत चालली होती. कंपनीत ख्रिश्चनसारखा म्हणवणारा मी, आणि आज एवढ्या मोठ्या हायवेवर एकटा शब्बाथ पाळत चाललोय! वाटलं, अंकलना काय वाटेल हे बघून!

साडेआठच्या सुमारास मोरी दिसली आणि मोरीवर पांढरे कपडे, टोपी घातलेले अंकल. मी आलो नाही म्हणून रेघेपर्यंत येऊन, चपलेचं टोक रेघेला लावून, कपाळावर हात धरून रस्ता न्याहाळत उभे होते. मी हात हलवला. पळायलाच लागलो. आणि रेघ दहा पावलांवर आली तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

दोन हजार हात!

मी कासूहून आलो होतो, शब्बाथ तिथे लागला म्हणजे माझी हद्द कासूपासूनच मोजायची. गाडी टाळली, ओझं टाळलं, आणि हद्द पहाटेच कधी मोडली त्याचा पत्ताच नाही. एकदा नाही, चालत होतो तेवढा वेळ मोडतच होतो. हद्द ओलांडणाऱ्याने आहे तिथून चार हातांपलीकडे हलायचं नाही, हेही अंकलनीच कधीतरी सांगितलेलं. मी जागच्या जागी उभा राहिलो. रेघेच्या पलीकडे मी, अलीकडे ते, आणि तिकडे मशिदीत आठ जण आमची वाट बघतायत.

"अंकल," मी म्हणालो, "मी काल रात्री..."

अंकलनी माझ्या धुळीने माखलेल्या पायांकडे बघितलं. मग रस्त्याकडे, जिथून मी आलो होतो तिकडे. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि त्यांनी उजवा हात वर केला.

"रविवारी!"

"पण मी कासू..."

"मी तुला विचारलं काय? तू कुठून आलास ते मला ठाऊक नाय. मला माणूस इथे रेघेपाशी भेटला. रविवारी विचारीन."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आमच्यात एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावतात, हातबोशी म्हणतात तिला. रेघेवरच आमची हातबोशी झाली. मग आम्ही चालत गावात शिरलो, आणि एरवी माझ्या दुप्पट वेगाने चालणारे अंकल माझ्या फोडांसाठी सावकाश चालत होते.

मशिदीत वकीलसाहेब खुर्चीवर बसले होते. वर सज्जात रिबका आणि दोघी-तिघी. अंकल मोजायला उभे राहिले. स्वतःच्या छातीवर बोट, "बांगडा." मग एकेक खांदा. "बोय, रावस, हलवा, सुरमई..." आवाज चढत गेला. "तारली, मांदेली, पाला..." माझ्या खांद्यावर बोट टेकलं. बारा-तेरा वर्षं त्या शब्दाने वाट बघितली होती.

"जिताडा!"

वकीलसाहेबच पहिल्यांदा उठले आणि त्यांनी कपाटाचा पडदा स्वतःच्या हाताने सरकवला. सेफेर बाहेर आला. वाचलं अंकलनी. बेसूर, अडखळत, मध्येच नाक पुसत, पण काय वाचलं! मला सेफेरपाशी बोलावलं तेव्हा आशीर्वादाचे शब्द मला येत होते की नाही कोणास ठाऊक, तोंडातून मात्र बाहेर पडले. परतताना वकीलसाहेब म्हणाले, "मी रिकामी गाडी घेऊन जातोय आणि मला फार बरं वाटतंय."

रविवारी सकाळी सहा वाजता दार वाजलं. मी आधीच तयार बसलो होतो.

"पेंड! नुसती पेंड! पाकीट ठेवायचं सुचलं आणि हद्द सुचली नाय? शब्बाथ म्हणजे काय पायी शर्यत हाय? अरे, दुपारची गाडी पकडायला काय मेला होतास? जन्मभर पाळलेली रेघ, तिच्यासमोर मला आंधळा व्हायला लावलंस! तुझं तू बघ, मी देवाला माझं उत्तर देईन!" पंधरा मिनिटं. शेजारी खिडक्या उघडून ऐकत होते. मी इतका खूश जन्मात कधी झालो नव्हतो. पंधरा दिवसांनी अंकलना तोंड फुटलं होतं. मग म्हणाले, "चल, मलिदा करायचाय. पोहे भिजवून ठेवलेत." एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ, फळं मांडून आम्ही मलिदा केला. सदाभाऊ आले, जनार्दनची आईसुद्धा कासूहून आली. तिला अंकलनी पहिला घास दिला.

अंकल आता नाहीत. सेफेर पेणमध्येच आहे, आणि मोरीवरची रेघ दरवर्षी मी रंगवतो. पण त्यांची आठवण आली की मला दिसतो तो पुढच्या पावसाळ्यानंतरचा एक शनिवार.

आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये एक डेव्हिड होता. चार महिने मी त्याला ख्रिश्चन समजत होतो आणि तो मला. एकदा कँटीनमध्ये कोणीतरी मला विचारलं, आणि मी सरळ सांगितलं, "बेने इस्रायली. ज्यू." समोर बसलेल्या डेव्हिडचा चमचा ताटात पडला. "अरे, मी पण!" त्याच आठवड्यात, दुपारच्या गाडीने, मी त्याला पेणला आणला.

शनिवारी सकाळी अंकल मोजायला उठले. बांगडा, बोय, रावस, सगळे नेहमीचे आले होते. मोजणी माझ्यापर्यंत आली, "जिताडा" झालं, आणि बोट पुढच्या खांद्यावर गेलं. डेव्हिड. अंकल थांबले. आयुष्यात ज्यांना शब्द कधी कमी पडला नाही ते तोंड उघडं ठेवून उभे. जिताड्याच्या पुढचा मासा त्यांनी कधी ठरवलाच नव्हता, लागलाच कधी होता!

आणि वरून सज्जातून रिबकाचा आवाज आला, "कर्ली घ्या, अंकल! खवले असतात तिला!"

अंकलनी मान वर केली. "तिला काटे फार गो."

"मग आपल्यातलीच आहे ती!"

मशिदीत कोणी हसत नाही, पण त्या दिवशी अंकलच आधी हसले. मग डोळे पुसून त्यांनी डेव्हिडच्या खांद्यावर हात टेकवला आणि सदाभाऊंच्या कारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कर्ली!"